पंचेचाळीस आठवणींची दाई

एका राज्यात चंडप्रताप नावाचा राजा होता. त्याच्या पूर्वजांनी अंकांच्या दहा खुणा तांब्याच्या पेटीत कोंडल्या होत्या आणि पेटीवर मंत्र घातला होता. खुणा राज्यातल्यांनीच वापरायच्या; त्यांच्यापैकी जो परराज्याच्या माणसाला खूण शिकवील, त्याच्या मनातून जिवलगाच्या तितक्या आठवणी जातील. एकाला एक, नवाला नऊ. दहावी खूण शून्याची. ती तर घरच्यांनीही लिहायची नाही, अशुभ म्हणून! तिथे नुसती जागा सोडायची. शहाणपण पाहा यांचे!

सीमेपलीकडे भस्मजट नावाचा मांत्रिक राहत असे. त्याची मुलगी आजारी पडली. या राज्याच्या वैद्याने औषध धाडले, सोबत मात्रेची चिठ्ठी धाडली. पलीकडे ती कोणालाच वाचता येईना. मुलगी गेली. मांत्रिक भर दरबारात येऊन उभा राहिला.

“राजा, तुझी लेक पद्मरेखा पायांपासून पाषाण होत जाईल. तीन परराज्यांच्या वैद्यांनी एकच चिठ्ठी वाचून आपापल्या झऱ्याचे एकशे पाच थेंब तिच्यावर शिंपडावेत. आकडा तोंडाने सांगायचा नाही, बोटांनी दाखवायचा नाही. पाषाण ओठांवर चढला, की सुटका नाही.”

राजाने पेटी उघडली, पण पुढे होईना. लेकीलाच विसरलो तर? तेव्हा येसाई पुढे आली. पद्मरेखेला पहिल्या दिवसापासून वाढवणारी दाई ती.

“मी जाते, महाराज.”

“येसाई, तू तिला विसरशील.”

“विसरेन. पण पोर जगेल.”

राजाची बोलकी साळुंकी, जिला महालातले दुरूनही दिसे, तिच्या खांद्यावर बसली आणि दोघी निघाल्या.

पहिल्या राज्यात दोरीला गाठी मारून मोजत. येसाईने तिथल्या वैद्याला एक, दोन, तीन शिकवले. पोरीचे पहिले रडणे गेले. पहिली पावले गेली. येसाईने छाती चाचपली, जणू काही सांडले होते.

दुसऱ्या राज्यात शिंपल्यांचे ढीग मांडून मोजत. तिथे चार, पाच, सहा दिले. पंधरा आठवणी एका दमात गेल्या.

“माझी पोर काळी की गोरी गं?” वाटेत तिने साळुंकीला विचारले.

“सावळी. चाल लवकर, पाषाण कमरेला आला.”

तिसऱ्या राज्यात काठीवर खाचा पाडत. तिथे सात, आठ, नऊ दिले. अरे देवा, किती गेले! तापात उशाशी जागलेल्या रात्री गेल्या, रुसवे गेले, हट्ट गेले. उरली एकच आठवण: गळ्याभोवती दोन इवले हात आणि ‘येसामाय’ अशी हाक. तेवढीच धरून ती तिन्ही वैद्यांना घेऊन परत निघाली. वाटेत प्रत्येक वैद्याने दुसऱ्याकडून उरलेल्या खुणा शिकून घेतल्या. तिघांच्या भाषा तीन, एकमेकांचा शब्द कळेना, पण वाळूत काढलेला सात तिघांनाही सातच वाटला.

महालात पोचले तेव्हा पाषाण पोरीच्या गळ्याला लागला होता. येसाईने चिठ्ठी लिहिली. हाताला वळण जुने, तिने रीतीप्रमाणे एक लिहिला, जागा सोडली, पाच लिहिला. वैद्यांनी वाचले आणि प्रत्येकाने पंधरा थेंब शिंपडून हात आखडला.

पाषाण हनुवटीवर चढला.

“रिकामी जागा कोणी वाचली नाही!” साळुंकी किंचाळली. “शून्य लिही!”

येसाईने चिठ्ठी परत घेतली. नवाने नऊ नेल्या. जी खूण लिहायलाही लोक भितात, ती काय काय नेईल? शेवटचे दोन हातही जातील. समोरची पोर कोण, हेही कळणार नाही. तिने डोळे भरून तो चेहरा पाहून घेतला.

“जाऊ दे सगळे,” ती म्हणाली.

तिने मधे वाटोळे काढले. मग वैद्यांपुढे नऊच्या पुढे एक खडा वाढवून दहा लिहिले, सारे खडे उचलून नुसते वाटोळे लिहिले, पुन्हा पुन्हा, तिघांची मान हलेपर्यंत. मग तिने घाबरत मनात चाचपले.

दोन इवले हात तिथेच होते! शून्याने शून्यच नेले होते. इतक्या पिढ्या उगाच भ्यायल्या, म्हणजे बघा!

वैद्यांनी उरलेले नव्वद नव्वद थेंब शिंपडले. पाषाण ओसरला.

“येसामाय!” पोरीने गळ्याला मिठी मारली. दाईने हात ओळखले, बाकी काही नाही.

राजाने पेटी वितळवली. वैद्यांनी खुणा आपापल्या देशी नेल्या. तिथून गलबतांबरोबर, तांड्यांबरोबर त्या पुढच्या मुलखांत गेल्या. कुठे वळण बदलले, मोल बदलले नाही. भस्मजटाने औषधाची चिठ्ठी आपल्या मुलखात पहिल्यांदाच वाचली गेलेली पाहिली, आणि तो ढसाढसा रडला.

पद्मरेखा रोज दाईजवळ बसून गेलेली एकेक आठवण सांगे, पाटीवर तिचा आकडा मांडी. स्वतःला आठवेना ते दासींना विचारून आणी. चव्वेचाळीस भरल्या. पहिली भरेना. जन्मल्यावरचे पहिले रडणे फक्त दाईने ऐकले होते.

पोरीने ती जागा सोडली नाही. तिथे शून्य लिहिले, आणि येसाईच्या मांडीवर डोके ठेवले.