काठी कुठे वाकली

फार पूर्वीची गोष्ट, पण फार लांबची नाही. डोंगराखाली एक गाव होतं आणि गावाच्या देवाची एक उंच काठी होती, शेंड्याला मोरपिसं बांधलेली. दरवर्षी जत्रेला ती रानवाटेनं डोंगरावरच्या देवळात जायची. नियम एकच, वाटेत काठी वाकता कामा नये. काठी वाकली की गावाची मान खाली.

ती धरायचा मान एका काठीकराचा होता. जत्रेआधी कोयता घेऊन झाडांवर चढायचं आणि वाटेवर आलेल्या फांद्या छाटायच्या, हे कामही त्याचंच. आजानं छाटल्या, बापानं छाटल्या, तोही छाटत आला. शेजारच्या गावानं काठी हातभर वाढवली की हे गाव दोन हात वाढवायचं, आणि कोयता आणखी वर चढायचा.

अलीकडे मात्र काठीकराला काही उमजेनासं झालं होतं. त्या रानात आयाळवाली काळी माकडं राहत. त्या मुलखात ती दुसरीकडे कुठेच उरली नव्हती. झाडांवर जन्मायचं आणि झाडांवरच म्हातारं व्हायचं, जमिनीशी त्यांना कर्तव्यच नव्हतं. तीच माकडं आता फणसाच्या बागेत उतरू लागली. त्यातल्या दोन माकडांना कुत्र्यांनी फाडलं.

"माजलीत," पाटील म्हणाले.

"देव कोपलाय," पुजारी म्हणाला.

काठीकराला ही दोन्ही कारणं पटेनात आणि तिसरं सुचेना. त्यानं बिचाऱ्यानं शनिवारी वाटेवर केळी ठेवून पाहिली. केळी खायला आणखी एक माकड खाली उतरलं आणि तेही कुत्र्यांच्या तोंडी गेलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, म्हणत तो कपाळाला हात लावून बसला.

जत्रा दोन दिवसांवर आली. अल्याडचा उंबर आणि पल्याडचा हिरडा वाटेवर एकमेकांना टेकत, अशी ती एकच जागा आता उरली होती. काठी यंदा पुन्हा वाढली होती. काठीकर उंबरावर चढला, त्यानं कोयता उचलला, आणि समोरून पोटाशी पिल्लू धरलेली एक माकडीण आली. त्याला पाहून थबकली. मागे गेली, परत आली. अल्याड उंबरं पिकली होती, पल्याड तिचा निवारा होता, आणि मधे हा बसला होता.

त्यानं खाली पाहिलं. जमिनीवरून जी वाट दिसायची, ती वरून रानाला पडलेली भेग दिसत होती. भेगेच्या दोन्ही कडांना त्याच्याच कोयत्याचे घाव होते. पण मग देवाच्या काठीचं काय? तो तसाच उतरून घरी आला.

"छाटली का फांदी?" बायकोनं विचारलं.

"न्हाई. काय करावं तेच कळंना."

"कळंना तर तोडू नगा. तोडल्यावर कळलं तर काय करशीला?"

जत्रेच्या दिवशी उंबराखाली ढोल थांबले.

"फांदी का राहिली रं?" पाटलांनी विचारलं.

"मलाच नीट सांगता येत न्हाई, पाटील. पण तोडवली न्हाई."

एवढं बोलून तो गुडघ्यांत वाकला आणि त्यानं काठी तिरपी केली. मोरपिसं फांदीखालून गेली. पलीकडे जाऊन त्यानं काठी पुन्हा सरळ उभी केली. देवळात पोचल्यावर पाटलांनी काठी त्याच्या हातून काढून दुसऱ्याला दिली. पिढ्यांचा मान गेला. काठीकर रडला, आणि आपलं चुकलं की बरोबर होतं, हे रडतानाही त्याला कळलं नाही.

फांद्या छाटायच्या की नाही, यावर गावात वाद सुरू झाला. गावच ते, वाद पाच वर्षं चालला. निकाल काही लागला नाही, काठी लांबच्या वाटेनं जात राहिली, तोवर फांद्या मात्र वाढल्या आणि रानवाटेवर सात ठिकाणी जुळल्या. माकडं बागेत उतरायची थांबली.

सहाव्या जत्रेला काठी पुन्हा रानवाटेनं निघाली आणि उंबराखाली नवा काठीकर अडला. वरून पिलांसकट माकडांची रांग चालली होती. पाटलांनी वर पाहिलं. मग त्यांनी गर्दीतून जुन्या काठीकराला पुढे बोलावलं आणि काठी त्याच्या हातात दिली.

"कशी वाकवायची ते तुला ठावं हाय," ते म्हणाले.

तात्पर्य: मन गोंधळलं असेल तेव्हा कोयता खाली ठेवावा. वाकवलेली काठी पुन्हा सरळ करता येते, तोडलेली फांदी पुन्हा चिकटवता येत नाही.