तळघरातला राखणदार

एका गावात एक भोळा कोष्टी होता. नाव चन्नाप्पा. मागावर बसला की धागे तोडायचा, म्हणून बायकोनं, गुरव्वानं, त्याला मठात धाडलं. मठाच्या तळघरात जुन्या वस्तूंचं संग्रहालय होतं. तिथं राखणदार हवा होता.

"नीट वाग," गुरव्वा म्हणाली. "संध्याकाळी थोरले स्वामी बघायला येणार. ते हो म्हणाले तर नोकरी पक्की. नाही म्हणाले तर घरी येऊच नकोस!"

मठाचे कारभारी म्हणाले, "पायतण आत चालायचं नाही. सगळं बाहेर."

"बरं अण्णा."

चन्नाप्पा खाली उतरला. बघतो तर काय, कपाटात मूळ स्वामींच्या दोनशे वर्षांच्या खडावा! "अबब, आत पायतण!" नेऊन ठेवल्या बाहेर, लोकांच्या चपलांत.

कारभाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, जुन्याला हात लावायचा नसतो! कुणी लावला तर ओरडायचं!"

तेवढ्यात एक म्हातारी पायरीवरून घसरली. लेक धावला उचलायला.

"हात लावू नका!" चन्नाप्पा आडवा आला. "जुनी आहे!"

म्हातारीनं पडल्या पडल्या त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"अरे देवा!" कारभारी ओरडले. "पडलं की उचलावं, गार पाणी मारावं!"

घटकाभरात कुणाचा तरी कोपर लागून ताडपत्राची पोथी पडली. चन्नाप्पानं तिच्यावर अख्खा तांब्या उपडा केला. वर विचारतो, "बरं वाटतंय का गं माय?"

कारभारी रडायचेच बाकी होते. "बाबा रे, जुनं, सुरकुतलेलं काही दिसलं ना, हळूच उचल, कापडात गुंडाळ, काचेच्या कपाटात ठेव आणि कुलूप लाव. दुसरं काही करू नकोस!" एवढं बोलून ते पोथी वाळवायला गच्चीवर गेले.

संध्याकाळी थोरले स्वामी काठी टेकत एकटेच खाली आले. वय नव्वद. अंगभर सुरकुत्या, मान लटलट. चन्नाप्पानं त्यांना वरून खाली न्याहाळलं. मग अगदी हळूच उचललं.

घरी पोचला तर गुरव्वा दारातच उभी. जीव नुसता टांगणीला.

"काय म्हणाले स्वामी?"

"काच जाड होती, ऐकू नाही आलं. पण सारखी मान हलवत होते. मी निघालो तर दोन्ही हात जोडले बघ मला!"

"मग?"

"मग काय, नोकरी पक्की!" असं म्हणत त्यानं कनवटीची किल्ली काढली आणि खुंटीला अडकवली.