पाऊण बिल

विमा कंपनीतल्या बोंद्रेसाहेबांची कात्री प्रसिद्ध होती. शर्वरीच्या आईच्या ऑपरेशनचं बिल त्यांनी दोन लाखांवरून दीडवर आणलं.

"खोली तीन हजारांची मंजूर; तुम्ही चार हजारांची घेतलीत. म्हणून सगळं बिल पाऊण."

"स्वस्त खोली रिकामीच नव्हती! आणि ऑपरेशन तर तेच ना?"

"अहो बाई, साधं त्रैराशिक आहे. शाळेत शिकला असाल."

उरलेले पन्नास हजार भरल्याशिवाय दवाखाना आईला घरी सोडणार नव्हता.

"शिकलेय, साहेब. आईला बारा टाके पडलेत. बाराचे पाऊण नऊ. उरलेले तीन कंपनीला नामंजूर. कोणते उसवू?"

साहेबांनी पूर्ण रकमेवर सही केली.

रांगेत तिच्यामागे उभ्या आजोबांचीही खोली चार हजारांचीच होती, पण त्यांना नुसता टायफॉईड झाला होता. त्यांना पाऊणच मिळालं.