न तापलेली तोफ

अहो, पिशवी ठेवू नका तिच्यावर. हात लावा हवा तर. लागली ना गार? इतकं ऊन आहे, धक्क्याच्या दगडावर पाय ठेववत नाही, आणि हे एवढं लोखंड गारेगार. तोंड जमिनीत पुरलेलं आणि बूड वर, अशी ही आमची तोफ. कंबरेला जे चर पडलेत ते दोरखंडांचे. बेटाच्या सगळ्या होड्या हिलाच बांधतो आम्ही. लढाईत मिरवलेल्या तोफा तुम्ही गडांवर पुष्कळ पाहिल्या असतील. ही एकदाही उडालेली नाही, आणि आम्हाला कौतुक आहे ते त्याचंच.

माझा जन्म ही तरीची होडी चालवण्यात, माणसांची ने-आण करण्यात गेला, तेव्हा ऐकलेलं सांगतो. खरंखोटं समुद्राला माहीत.

वर त्या नारळी दिसतात ना, त्यांच्यामागे विहीर आहे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे उसाच्या रसासारखं गोड. म्हणून तर त्या काळी येणारंजाणारं प्रत्येक गलबत इथे थांबायचं. ज्याच्या हाती विहीर, त्याच्या हाती सगळी वाट. समोर किनाऱ्यावर तो पडका बुरूज दिसतो ना, ते वाकणकोट. तिथल्या सरदाराची नजर या विहिरीवर पडली. त्याच्यापाशी माणूसबळ, घोडे, गलबतं. आमच्यापाशी जाळी आणि कोयते. मुकाट्याने बेट सोडा, नाहीतर पावसाळ्याआधी येतो, असा त्याने निरोप धाडला म्हणे.

बेटाची पाटीलकी तेव्हा चांगुणाकडे होती. नवरा समुद्राने नेला, तेव्हापासून तीच बघायची सगळं. बाई बोलायला कमी, पण एकदा नाही म्हणाली की झालं.

अशात सातासमुद्रापलीकडचा एक टोपीकर व्यापारी पाणी भरायला आला. कोणी त्याला फिरंगी म्हणतात, कोणी वलंदेज. आपल्याला काय, टोपी होती एवढं नक्की. त्याने बेटाची अडचण ऐकली, फार हळहळला आणि गलबतातून ही तोफ काढून दाखवली. दारूगोळाही देतो म्हणाला. बदल्यात काय, तर विहीर. म्हणजे सरदारापासून विहीर वाचवायची आणि ती याला द्यायची, मग आपल्याच पाण्यासाठी याच्यापुढे घागर घेऊन उभं राहायचं. लोकांनी कपाळाला हात लावला. पण दुसरं होतं काय हाती?

चांगुणाने विचार केला आणि दुभाष्याकडून त्याला सांगितलं, की आमच्यात होडी बांधणाऱ्या सुताराला मोबदला देतात तो होडी पाण्यात तरंगल्यावर. आधी नाही. तुझ्या तोफेचंही तसंच. तिने पहिला आवाज केला की विहीर तुझी.

टोपीकर मनापासून हसला आणि हातावर हात मारून त्याने ते कबूल केलं. का हसला, ते लोकांना मागाहून कळलं.

सरदार आला तो भर सकाळी. मोठं गलबत, माणसांनी भरलेलं, आणि पुढच्या अंगाला आमच्यापेक्षा मोठी तोफ. लोक इथे धक्क्यावर जमले. तोफ ठासून तयार होती. चांगुणा पेटता काकडा हातात धरून उभी राहिली. बत्ती द्यावी तर विहीर गेली, न द्यावी तर बेट गेलं. तिचा दीर कावराबावरा होऊन सारखा म्हणत होता, वहिनी, आता द्या, आता तरी द्या. गलबत इतकं जवळ आलं, की माणसांच्या दाढ्या दिसायला लागल्या.

ती मात्र माणसांकडे बघतच नव्हती. तिचे डोळे पाण्यावर होते. गलबत किती बुडालंय ते ती बघत होती.

"थांब," ती दिराला म्हणाली, "ओहोटी लागलीय. एवढं ओझं घेऊन ते खडपावरून पार होत नाही."

खडप म्हणजे तो समोरचा पाण्याखालचा कातळ. आमच्या होड्या त्यावरून अलगद जातात. तोफेने जड झालेलं ते गलबत करकरत त्यावर बसलं ते बसलंच. त्या आदळण्याने पाणी आत उसळलं, त्यांची दारू भिजली, तोफ कलंडली. पाणी आणखी उतरलं आणि ती सगळी माणसं उघड्या कातळावर, उन्हात अडकली. पिण्याचं पाणी त्यांनी आणलंच नव्हतं. दुपारी आमच्याच विहिरीचं पिणार होते ना!

चांगुणाने काकडा वाळूत विझवला आणि कळशा भरून होड्या सोडायला लावल्या. शिव्या देत का होईना, लोकांनी तिचं ऐकलं. पहिल्या होडीत ती स्वतः बसली. सरदार स्वतः ओंजळीने पाणी प्याला. आणि तिथेच चांगुणाला दिसलं, की त्याच्या तोफेवरही मोराचा ठसा होता, आमच्या तोफेवर आहे अगदी तस्सा. तिने विचारलं, ही कुणी दिली? सरदार खाली मान घालून म्हणाला, टोपीकराने, सागाच्या अख्ख्या रानाच्या बदल्यात. मग आमची कुणी दिली, ते तिने त्याला सांगितलं. टोपीकर का हसला होता ते तेव्हा कळलं: दोन्हीकडे तोफ दिली की आवाज होणारच.

भरतीला गलबत हलकं करायला त्यांनी ती तोफ खडपावर ढकलली. आमची तोफ या धक्क्यात उलटी पुरली, ती त्याच माणसांच्या मदतीने. तिला पहिला दोर बांधला तो सरदाराच्या गलबताचा. चांगुणाने उरलेली कळशी तिच्यावर ओतली आणि म्हणाली, "तापू नको गं बाये."

पावसाळा सरल्यावर टोपीकर विहीर मागायला आला. पाहतो तर त्याचंच गलबत त्याच्याच तोफेला बांधलं जातंय. त्याने ज्याला त्याला विचारलं, आवाज झाला का? सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. कबूल त्यानेच केलं होतं, विहीर कशी मागणार! पाणी मात्र त्याला पोटभर दिलं आम्ही, आणि पिंपंही भरून दिली.

आजही मोठ्या ओहोटीला खडपावर ती दुसरी तोफ दिसते, शिंपल्यांनी भरलेली. आजही सुताराचा मोबदला होडी तरंगल्यावरच देतात. आणि विहिरीवरून परतणारी प्रत्येक बाई वाकडी वाट करून इथे येते, कळशीतलं थोडं पाणी हिच्यावर ओतते आणि तेच शब्द म्हणते. तुम्ही उतरलात त्याच्या थोडं आधीच माझी सून ओतून गेली. म्हणून तुमच्या हाताला गार लागली.