मांडवात काही उरायला नको

एका गावात एक भोळा मामा होता. येसबा त्याचं नाव. सांगितलेलं काम तो मन लावून करायचा, हीच तर पंचाईत होती.

त्याच्या भाचीचं, मंजुळाचं लग्न ठरलं. तिनं सासरच्यांना आधीच सांगून टाकलं, "माझ्या लग्नात कचऱ्याची एक पाटीसुद्धा निघणार नाही." सासरचे हसले. म्हणाले, "बघू की!" झालं, पोरीची इज्जत पणाला लागली.

तिच्या आईनं, म्हणजे आक्कानं, येसबाला ताटं आणायला धाडलं. त्यानं थर्माकोलची आणली, पांढरीशुभ्र.

"अरे येड्या, गाय खाईल तेच आणायचं! पळसाच्या पत्रावळी!"

"हां आक्का, आता कळलं."

मग आक्कानं त्याला शालू आणायला धाडलं. येसबानं शालू घेतला आणि सरळ गाईपुढे धरला. गाईनं पदर चावून बघितला. तिला आवडला. अर्धा शालू गेला.

आक्कानं कपाळ बडवलं. "शालू गाईला दाखवतात का रे? नवं घ्यायचंच नाही. कुणी एकदा वापरलेलं असेल, ते मागून आणायचं!"

"हां आक्का, आता कळलं."

शालू आक्कानं स्वतःच मागून आणला. येसबाला फक्त हार आणायला सांगितले. तो शेजारी गेला आणि वारलेल्या तात्यांच्या फोटोवरचा हार मागून घेऊन आला.

"अरे देवा! आधी परत देऊन ये! आणि नीट ऐक. देवळातली पातेली आणलीत ना? परगावचं, परक्याचं जे जे आणलं, ते काम झालं की धुऊन पुसून जिथलं तिथं पोचवायचं. पोचा आला नाही ना, ते दाखवायचं. आणि रिकामं परत द्यायचं नाही, काहीतरी गोड घालून द्यायचं."

"हां आक्का, आता कळलं."

लग्न झकास झालं. पत्रावळ्या गाईंनी फस्त केल्या. येसबानं पातेली घासून, आत मूठमूठ साखर घालून देवळात पोचवली. मांडव लख्ख! सासरच्यांनी हार मानली. आक्काला भावाचं इतकं कौतुक वाटलं की तिचे डोळे भरून आले.

पाठवणीची वेळ झाली. मंजुळा रडायच्या तयारीत उभी. पण नवरदेव कुठाय? सगळा मांडव पालथा घातला. तेवढ्यात रिकामी बैलगाडी हाकत येसबा आला, घामाघूम.

"येसबा, जावई दिसले का रे?"

"ते होय? पोचवले की त्यांच्या टाकेवाडीला."

"पोचवले?"

"परगावचेच ना ते? अक्षता पडल्या, त्यांचं काम झालं. विहिरीवर नेऊन धुतलं, पुसलं, गाडीत घातलं. बिचारे काही बोलले नाहीत. सकाळपासून जो तो त्यांना काहीबाही करायलाच सांगत होता. घरी त्यांची म्हातारी आजी होती. तिला चारी बाजूंनी दाखवलं, एक पोचा नाही."

आक्का रिकाम्या गाडीकडे धावली.

"अगं, घाबरतेस कशाला?" येसबा म्हणाला. "रिकामे नाही दिले. चार बुंदीचे लाडू घालूनच दिलेत."