दरबार चालला गच्चीवर

“माझ्या मोबाइलला एक काडी आणि त्या डबड्याला पाच?” राजा मेघध्वज सिंहासनावरून कडाडला.

राणी माहेरी गेलेली. तिला फोन लावावा तर नुसती खरखर! आणि वर गच्चीत कुरडया राखणारी ठकू मात्र तिच्या लेकीशी खदाखदा हसत बोलत होती. लेक राणीच्याच माहेरगावी दिलेली. प्रधानाने स्वतः वर जाऊन ठकूच्या फोनची रेंज बघितली आणि खाली येऊन चुगली केली. ठकूला दरबारात उभे केले.

“महाराज, फरक फोनचा नाही, जागेचा आहे. वर चला, दोन्ही शेजारी धरून बघू!”

“मी? कुरडयांत? दरबार सोडणार नाही, सिंहासनावरून उठणार नाही! संध्याकाळपर्यंत माझ्याही फोनला पाच काड्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर तुझा फोन विहिरीत!”

ठकूच्या मनात आले, लेकीचा रोजचा आवाज गेला तर दिवस जायचा कसा? पण क्षणभरच. मग तिने पदर खोचला आणि पालखीच्या भोयांना हाक मारली.

“उचला रे सिंहासन!”

“अगं, अगं, हे काय?”

“महाराज, तुम्ही उठायचं नाही हं!”

जिन्यात सिंहासन कलले, मुकुट नाकावर आला. प्रधान मागून ढकलतोय, छत्रीवाला पुढे अडकलाय आणि महाराज दोन्ही हातांनी मोबाइल धरून ओरडताहेत! अखेर सिंहासन कुरडयांच्या मधोमध टेकले. ठकूने आपला फोन शेजारी धरला. इकडे पाच, तिकडे पाच!

तेवढ्यात राणीचाच फोन आला. “अहो, आज किती स्वच्छ ऐकू येताय! रथ पाठवा, मी निघते!”

महाराज खुलले. मग त्यांना राग आठवला. “पण ठकू, राजाला दरबारातून हलवलंस!”

“छे! महाराज बसतात तोच दरबार. तुम्हाला कुठं हलवलं? मी तर दरबारच वर आणला!”

महाराज पोट धरधरून हसले. “माग, काय हवं ते माग!”

“राणीसाहेबांच्या रथात माझ्या लेकीला बसवून आणा. माहेरपणाला येईल.”

“दिलं! आणखी?”

“तिला आत्ताच फोन करून कळवते. तोवर तेवढ्या कुरडया बघा!”

ठकू बोलत कठड्याकडे गेली. आणि हसता हसता महाराजांनी कावळ्यावर राजदंड उगारला, “हाऽऽट!”