माळढोकाचं एकुलतं अंडं

राजधानीपासून चार दिवसांच्या वाटेवर एक उजाड माळ होता. तिथं ठकूबाई नावाची धनगरीण मेंढरं राखायची.

एके वर्षी त्या माळावर माळढोकाच्या मादीनं अंडं घातलं. उघड्या जमिनीवर, आणि तेही एकच! ठकूबाई मेंढरं लांबून वळवायची आणि बाभळीच्या आडोशाला बसून बघत राहायची. मादी अंडं कधी उलटते, उन्हात पंख कशी पसरते, सगळं तिला पाठ झालं होतं.

नवरा म्हणायचा, "येडी हैस का? तेच पाखरू किती बघशील?"

आपलं हे वेड कुणाला सांगावं, तर ऐकणारं कोणी नव्हतं. तिला त्याचं फार वाईट वाटे.

इकडे राजाला खूळ लागलं. जो सर्वांत जास्त जातींचे पक्षी बघेल, त्याला मानाची पगडी! झालं, अर्धा दरबार वह्या घेऊन रानोमाळ धावत सुटला. त्यातला एक सरदार माळावर आला.

"बाई, इथं माळढोक आहे का कुठं?"

आजवर हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. बाई हरखून गेली. "दावते की! पर लांबनंच बघायचं. आन् कुनाला सांगू नका, बिरोबाची आण हाय."

"नाही सांगत."

त्यानं मादी बघितली, वहीत लिहिली आणि घोड्याकडे वळला.

"अवो, बसा की! आत्ता ती अंडं उलटंल."

"बघितली ना! अजून सात पक्षी राहिलेत माझे."

पुढच्या मुक्कामी त्यानं फुशारकी मारलीच. तिसऱ्या दिवशी माळावर अकरा घोडी आली. मादी गवतात नीट दिसेना, म्हणून एकानं टाळी वाजवली. ती उडाली. ठकूबाई काठी घेऊन धावली, "मागं व्हा! अंडं हाय तिथं!" ऐकतो कोण? सगळ्यांचं लिहून होईपर्यंत दुपार टळली आणि अंडं उन्हात भाजून निघालं.

मंडळी गेल्यावर मादी उतरली आणि पुन्हा अंड्यावर बसली. दिवस भरले, वर आठ दिवस गेले, तरी बसूनच! ठकूबाई तेही बघत राहिली आणि स्वतःच्या तोंडाला शिव्या देत राहिली. मग एका सकाळी मादी निघून गेली.

पुढच्या वर्षी सरदार पगडी घालून आला. "बाई, तुझ्यामुळं मिळाली हो! आणखी काही आहे का इथं बघण्यासारखं?"

"तिचं पुढं काय झालं, ते तरी इचारा की."

सरदारानं कपाळाला आठ्या घातल्या. "कुणाचं?"

तात्पर्य काढायचंच तर एवढं: जो पाखरू बघून मोकळा होतो, त्याला त्याचं घरटं दाखवू नये.